ओढ्यापलीकडचे तीन राखणदार : सत्तरीतल्या एका खोऱ्याचं प्रकरण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, म्हादईला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी देवराई आहे आणि त्या देवराईत तीन दगडी मूर्ती उभ्या आहेत. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. देवराईला कुंपण नाही, रात्री राखण नाही आणि जुन्या मूर्तींचा चोरटा धंदा चालतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पत्ता कळला नाही म्हणून प्रकरण समजायला काही अडणार नाही.

गावात या तिघांना राखणदार म्हणतात. त्यांची पालखी नाही, जत्रा नाही. पेरणीआधी एकदा गांवकार, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतली मंडळी, ओढा ओलांडून जातात, नारळ ठेवतात, गुरावासरांना आणि पोराबाळांना सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालतात आणि मागं न बघता परततात. मूर्ती कोणी घडवल्या, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, पांडवांनी एका रात्रीत करायला घेतल्या, कोंबडा आरवला आणि काम अर्धं राहिलं. दुसरं, आमच्या आज्याच्या आज्यानेही त्या अशाच पाहिल्या. पहिलं उत्तर कोकणात आणि गोव्यात अर्ध्याअधिक जुन्या दगडांबद्दल ऐकायला मिळतं. दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण माणसांनी जे पाहिलं तेवढंच ते सांगतं.

या मूर्तींना तोवर कोणाचा त्रास नव्हता. मग कोणीतरी एक व्हिडिओ टाकला. त्यात एका बाजूला आपला मोठा राखणदार आणि दुसऱ्या बाजूला इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरची एक मूर्ती, असे दोन फोटो जोडून दाखवले होते. तेच मोठं डोकं, तेच वाटोळे डोळे, तसेच पोटाकडे आलेले हात. खाली मोठ्या अक्षरांत ‘गोव्यात पाच हजार वर्षांपूर्वीची अज्ञात संस्कृती’. दोन आठवड्यांत रविवारी गाड्यांची रांग लागली. लोक कापूर जाळू लागले, हळद फासू लागले. कोणीतरी मूर्ती उजळावी म्हणून संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणून एका बाजूने घासलं. तो पांढुरका पट्टा आजही दिसतो आणि आता कधी जाणार नाही.

गावात तीन तट पडले. तरुण मुलांना वाटत होतं, इथं देऊळ बांधावं, फरशी घालावी, गाड्या लावायला जागा करावी. खाणी बंद पडल्यापासून ज्यांच्या हाताला काम नाही त्यांनी असा विचार केला तर त्यांना दोष देता येत नाही. शिकून पणजीला नोकरीला गेलेल्यांचं म्हणणं होतं, मूर्ती उचलून संग्रहालयात न्याव्यात, तिथं तरी सुरक्षित राहतील. आणि म्हातारे गांवकार एकच वाक्य धरून बसले होते, “तो आमचो राखणदार. ताका हालोवचो न्हय.”

मी तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. वीरगळ, सतीशिळा, गजलक्ष्मीच्या पाट्या यांची मापं घेणं, फोटो काढणं, नोंदी ठेवणं हे काम मी बरीच वर्षं करत आलो आहे. म्हणून तिन्ही तटांनी मिळून मला बोलावलं. “मास्तर, तुम्ही सांगा, हे किती जुनं आणि कोणाचं. मग आम्ही ठरवतो.” प्रश्न रास्त होता. पण उत्तर येईपर्यंत काही हलवायचं नाही, काही बांधायचं नाही, ही अट मी आधी मान्य करून घेतली. कारण जागेवर पोचलो तेव्हा ओढ्याच्या अलीकडे जेसीबी येऊन उभा होता, पलीकडची जमीन सपाट करायला.

सुलावेसीतल्या मूर्ती आणि त्यांच्यावरून शिकण्यासारखं

व्हिडिओतली तुलना उडवून लावावी असं मला वाटलं नाही. ती मूर्ती खरी आहे, आणि तिची गोष्ट नीट समजून घेतली तर आपल्याच प्रकरणाला उजेड मिळतो. मध्य सुलावेसीत डोंगरांनी वेढलेली बाडा, बेसोआ आणि नापू अशी खोरी आहेत. लोरे लिंडू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातला हा भाग. १९७७ पासून त्याला युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा आहे. भातशेतं आणि गवताळ माळ यांच्यामध्ये तिथं शेकडो कोरीव दगड विखुरलेले आहेत. त्यांतल्या काहींना माणसाचा आकार आहे. सगळ्यांत उंच मूर्तीला स्थानिक लोक पालिंदो म्हणतात. ती साडेचार मीटरच्या आसपास आहे आणि एका अंगाला कललेली आहे. या मूर्तींना पाय नसतात. भुवया आणि नाक एकाच सलग रेषेत, डोळे वाटोळे, हात अंगालगत खाली येऊन पोटाखाली थांबलेले. त्यांच्याच परिसरात कलंबा नावाचे प्रचंड दगडी रांजण आहेत, काहींवर दगडी झाकणंही आहेत.

कोणी घडवल्या, हे तिथल्या लोकांच्या स्मृतीत उरलेलं नाही. पाश्चात्त्य अभ्यासकांच्या नोंदी विसाव्या शतकाच्या आरंभापासून मिळतात, आणि स्वीडिश संशोधक वॉल्टर कॉडर्न यांनी त्याच शतकाच्या पूर्वार्धात या दगडांचं तपशीलवार वर्णन करून ठेवलं. पण लोकांनी मूर्तींना नावं दिली, गोष्टी रचल्या. पालिंदोबद्दल सांगतात की दक्षिणेकडच्या लुवूच्या राजाने आपली सत्ता दाखवायला १८०० माणसं लावून ती मूर्ती आपल्या राजधानीकडे न्यायचा घाट घातला, आणि ते जमलं नाही. ही दंतकथा आहे. तरी तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे: परक्याची मूर्ती उचलून नेणं म्हणजे तिथल्या माणसांवर हक्क सांगणं, हे बाडाच्या लोकांना पक्कं कळलेलं होतं.

अभ्यासाच्या दृष्टीने मला महत्त्वाचं वाटतं ते निराळं. दगडाचं वय कार्बनच्या पद्धतीने काढता येत नाही, ती पद्धत कोळसा, हाडं, लाकूड अशा एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंना लागू पडते. त्यामुळे बाडा-बेसोआ भागाच्या काळाबद्दल जे काही कळू लागलं ते मूर्तींच्या चेहऱ्याकडे बघून कळलेलं नाही. रांजणांतले मानवी अवशेष, भोवतालच्या मातीतली खापरं आणि कोळसा यांच्यावरून ते हळूहळू उलगडत आहे. रांजणांचा संबंध मृतांशी होता, हेही तसंच कळलं. समजा, शंभर वर्षांपूर्वी कोणी सगळ्या मूर्ती गोळा करून एखाद्या शहरातल्या दालनात ओळीने उभ्या केल्या असत्या. मूर्ती शाबूत राहिल्या असत्या, प्रश्न मात्र कायमचा बंद झाला असता.

गांवकारांपुढे मी हेच मांडलं. आपली मूर्ती त्या मूर्तीसारखी दिसते का, हा प्रश्न शेवटी येतो. आधी ती कशाच्या शेजारी उभी आहे ते पाहू.

मूर्ती पाहताना

मोठा राखणदार जमिनीवर माझ्या छातीच्या वर येतो. हिरवट-करड्या शिस्ट दगडाचा आहे, पुढून कोरलेला आणि मागून ओबडधोबड सोडलेला. पिढ्यान्‌पिढ्यांचं तेल आणि कापराची काजळी यांचा थर इतका जाड झाला होता की दिवसा उजेडात फक्त डोकं, डोळे आणि हातांचे उंचवटे कळत. अशा मूर्तीचा भर दुपारी काढलेला फोटो कोणत्याही मूर्तीसारखा दिसतो. व्हिडिओवाल्यांचा फोटो तसाच होता.

म्हणून रात्री गेलो. सोबत गावातली चार मुलं, त्यांतला एक तर देवळाच्या तटाचा पुढारीच. अंधारात टॉर्च मूर्तीच्या अगदी अंगालगत आडवा धरला की उथळ कोरीवकामाची सावली लांब पडते आणि जे हाताला लागत नाही ते डोळ्याला दिसतं. थर खरवडायचा नाही, पाणीही लावायचं नाही, फक्त उजेडाची दिशा बदलत राहायची. पहिल्यांदा दिसली ती मिशी. मग दंडाभोवती एक वेटोळं, दुसऱ्या दंडाभोवती तसंच. मग पोटाच्या मधोमध एक आकृती, जी दिवसा भेगेसारखी वाटत होती: दोन नांग्या, बारीक गाठींचं अंग आणि वर वळलेली शेपटी. मुलांपैकी एकजण मोठ्याने म्हणाला, “इंगळी!”

गोव्यात वाढलेल्या माणसाला यापुढे फार सांगायची गरज नाही. अंगावर सर्प, पोटावर विंचू, मुंडमाळ, वाटोळे डोळे, विवस्त्र उभं शरीर ही बेताळाची लक्षणं आहेत. काणकोणात लोलयेला, डिचोलीत आमोण्याला बेताळाच्या मूर्ती पाहायला मिळतात. तो रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला वहाणा वाहण्याची रीत आहे. मुंडमाळ मात्र आम्हाला दिसत नव्हती. ती मिळाली ओढ्याच्या बाजूने. पावसाच्या लोटाने मूर्तीच्या एका अंगाची माती धुऊन गेली होती, त्या खाचेत वाकून टॉर्च मारला तर गुडघ्याशी माळेचं टोक आणि एक छोटी कवटी स्पष्ट होती. आम्ही माती काढली नाही. पावसाने जेवढं उघडं केलं तेवढंच पाहिलं.

म्हणजे मूर्तीला पाय आहेत, ते जमिनीत आहेत. सुलावेसीतल्या मूर्तींना पाय नसतात ते घडवणाऱ्यांनी कोरलेच नाहीत म्हणून. इथं पायांवर माती चढली आहे. व्हिडिओतल्या साम्याचा मोठा भाग या एका गोष्टीने संपतो. उरलेला भाग तेलाच्या थराचा.

माती किती वर्षांत चढली, हा पुढचा प्रश्न लगेच आला. पायांइतकी माती चढायला हजारो वर्षं लागली असतील, असं एकजण म्हणाला. तसं मानायला आधार नाही. वरच्या उतारावर पूर्वी कुमेरी शेती होत असे, जंगल तोडून जाळायचं आणि राखेत नाचणी पेरायची. अशा उतारावरची माती पावसात खाली येते. शिवाय जुलै २०२१ मध्ये म्हादईच्या खोऱ्यात आलेला पूर आणि त्या वेळी सुटलेल्या दरडी ज्यांनी पाहिल्या त्यांना ठाऊक आहे की कमरेइतका गाळ एका रात्रीत येऊन बसू शकतो. पुरलेली उंची हे वयाचं माप धरता येत नाही.

बेताळाच्या अशा घडीव मूर्ती अभ्यासक साधारणपणे गोव्याच्या कदंब राजांच्या काळाशी जोडतात, म्हणजे अकरावं ते चौदावं शतक. आमच्या मूर्तीचे दागिने, कमरेची ठेवण आणि मिशीचा घाट त्या परंपरेत बसतो. याहून नेमकं शतक सांगायला हातात काही नाही, आणि मी सांगितलंही नाही. पाच हजार ऐवजी सहाशे ते हजार वर्षं ऐकून काही मुलांचे चेहरे उतरले. मला त्यात कमीपणा वाटत नाही. इतकी शतकं एका ओढ्याकाठी उभं राहून आजही गाऱ्हाणं ऐकून घेणारा देव किती गावांकडे आहे?

उरलेले दोन

इथं माझी खात्री संपते. बाकीच्या दोन मूर्ती जांभ्याच्या, आपण ज्याला चिरा म्हणतो त्या दगडाच्या आहेत. उंचीने कमरेएवढ्या. डोकं, खांदे, आणि एकीवर छातीचे दोन उंचवटे, बाकी काही नाही. व्हिडिओच्या दुसऱ्या भागात याच दोघींना ‘आदिमानवाने कोरलेल्या’ म्हटलं आहे, कारण त्या ओबडधोबड आहेत.

ओबडधोबड म्हणजे जुनं, हा समज जांभ्याच्या बाबतीत फार फसवा ठरतो. चिरा खाणीतून ताजा काढला तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि वाऱ्यापाण्यात राहून कडक होतो. पण तो सच्छिद्र असतो. त्यात नाजूक नक्षी उतरत नाही आणि उतरली तरी टिकत नाही. सत्तरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा पावसात शंभर-दोनशे वर्षांत चिऱ्यावरचा चेहरा पुसला जाऊ शकतो. तेव्हा या दोघी बेताळापेक्षा फार जुन्या असतील किंवा त्याच्यानंतर कोणी गावकऱ्याने नवसापोटी घडवलेल्या असतील. दगडाकडे नुसतं बघून यातलं एक निवडता येणार नाही.

जांभ्यातलं प्राचीन काम गोव्यात नक्की आहे. कुशावतीच्या काठी उसगाळीमळजवळ फणसायमळला कातळावर बैल, हरणं, माणसं आणि वर्तुळांचं मोठं चक्र कोरलेलं आहे. १९९३ मध्ये स्थानिक लोकांनी दाखवल्यावर ते अभ्यासकांपुढे आलं, आणि २०२२ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळशिल्पांबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. त्याच्याही काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, कारण उघड्या कातळावर माती नाही आणि मातीशिवाय पुरावा तोकडा पडतो. आमच्या देवराईत माती आहे. म्हणूनच ती जेसीबीपासून वाचवायची होती.

जागेने काय सांगितलं

मूर्तींपेक्षा मला जास्त वेळ त्यांच्या आसपास लागला. ओढ्याच्या उताराला बायका कपडे धुतात तिथं एक सपाट दगड पायरीसारखा घातलेला आहे. वरची बाजू झिजून गुळगुळीत. कड हाताने चाचपली तेव्हा खालच्या अंगाला कोरीव काम लागलं. गावाने परवानगी दिली, चार जणांनी तो उचलून उलटा केला. वीरगळ होता. तीन कप्प्यांचा: खाली ढाल-तलवार घेतलेला वीर आणि त्याच्या मागे गुरं, मधे त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्याचा तुकडा फुटलेला, पण चंद्राची कोर शिल्लक आहे. ज्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्या धुणी बडवली तो कोणाच्या तरी मरणाचं स्मारक होता, हे कळल्यावर एका आजीने त्याला हात लावून नमस्कार केला आणि सुनेला म्हणाली, “आता आपली धुणी त्या खडकावर.” त्या वेळी मला बोलणं जमलं नाही.

वीरगळावर गुरं आहेत, म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो पडला असावा. मग प्रश्न आला, या कोपऱ्यातल्या खोऱ्यात लढाई कशासाठी? उत्तर ओढ्याच्या पलीकडे होतं. देवराईच्या मागून झाडीत एक वाट चढते. गुराखी ती वापरतात, बाकी कोणी नाही. पण वळणांवर तिला रचीव दगडांचा आधार आहे आणि एका ठिकाणी कातळात पायऱ्या खोदलेल्या आहेत. गोव्यातून घाटावर जाणाऱ्या अशा अनेक वाटा होत्या. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि सुकी मासळी वर जायची आणि धान्य खाली यायचं. आज चोर्ल्याचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे, बाकीच्या वाटा रानाने परत घेतल्या. वाटेच्या तोंडाशी, पाण्याच्या काठी, शिवेवर उभा बेताळ: आता त्याची जागा अर्थपूर्ण होते. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर माणसं ज्याच्यापुढे थांबत असतील तो देव असा वाटेवरच असणार.

त्याच सपाटीवर, जिथं गाड्या लावायची जागा होणार होती, मला खापरांचे तुकडे दिसले, जांभ्याच्या एका चौथऱ्याची कडही दिसली. उचललं काही नाही. जागेवर फोटो, मापं आणि मोबाइलवरचं स्थान एवढंच टिपलं. तो चौथरा घराचा, देवळाचा की धर्मशाळेचा, हे खोदल्याशिवाय कळणार नाही. पण जेसीबीच्या तासाभराच्या कामात तो गेला असता आणि पुढच्या माणसाला प्रश्न पडायलाही जागा राहिली नसती.

एक वेगळी शक्यता शिक्षक मंडळींनी मांडली होती, तीही तपासली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतली देवळं पाडली तेव्हा लोकांनी आपले देव नद्या ओलांडून नेले. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, दिवाडी बेटावरच्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर पलीकडे डिचोलीत. सत्तरी पोर्तुगीजांच्या ताब्यात आली ती त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा हा बेताळही असाच आश्रयाला आला असेल का? अशक्य नाही. पण पळणारे लोक लिंग नेत, उत्सवमूर्ती नेत, मुखवटे नेत. या मूर्तीचा नुसता दिसणारा भाग मापला तर साधारण पाव घनमीटरहून थोडा जास्त भरतो. शिस्टचं वजन घनमीटरला पावणेतीन टनांच्या घरात धरलं तर हा भागच पाऊण टनाचा होतो, पाय वेगळे. आणि बेताळ तर शिवेचा देव. शीव सोडून त्याला कुठं नेणार? माझं मत, तो इथलाच.

हलवायचं की नाही

हलवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळ्यांत वजनदार उदाहरण कुर्डीचं होतं, आणि ते मी पूर्ण आदराने ऐकून घेतलं. साळावलीच्या धरणात कुर्डी गाव बुडालं तेव्हा तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगडन्‌दगड सुटा करून, नेऊन, पुन्हा रचलं गेलं. त्याच परिसरातली जांभ्याची भव्य मातृदेवता वेर्ण्याला नेली. ते केलं नसतं तर दोन्ही पाण्याखाली गेली असती. पाणी चढत असताना मूर्ती उचलणं हे कर्तव्यच आहे. पण वेर्ण्याला त्या देवीपुढे उभं राहिल्यावर तिच्या भोवतालची नदी, कातळ, वस्तीच्या खुणा यांतलं काहीच सोबत नसतं. आमच्या खोऱ्यात पाणी चढत नव्हतं, फक्त गाड्या येत होत्या. आणि गाड्या थांबवता येतात.

दुसरं उदाहरण मी दिलं. १९३० मध्ये कोलवाळच्या मुशीर भागात फादर हेन्री हेरास यांना बुद्धमूर्ती मिळाली. आज ती मुंबईत, त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे. सांभाळली गेली, अभ्यासली गेली, याचं मोल आहेच. पण कोलवाळच्या किती मुलांनी ती पाहिली असेल?

कायद्याची बाजू सरळ आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते; तिची विक्री, परदेशी रवानगी यांवर कडक बंधनं आहेत. गोव्याचा स्वतःचा प्राचीन वास्तू आणि पुरातत्त्वीय स्थळांचा कायदा १९७८ चा आहे आणि त्याखाली एखादी जागा संरक्षित म्हणून घोषित होऊ शकते. म्हणजे गावाने ठरवलं तरी देऊळ बांधणं किंवा मूर्ती उचलणं हे गावाच्या एकट्याच्या हातात नव्हतं. जमीन कागदावर कोणाची, हा सत्तरीतला जुना गुंता. त्यात मी शिरलो नाही.

पण कायदा वाचून दाखवल्याने गाव पटत नाही. गावाची निर्णयाची रीत वेगळी आहे, देवीला कौल लावण्याची. सातेरीच्या देवळात सगळे जमले, गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या आणि ज्येष्ठ गांवकाराने विचारलं, राखणदारांना आहेत तिथंच ठेवायचं असेल तर उजवीकडची पाकळी दे. त्याआधी मी सगळ्यांपुढे विंचवाचे, मुंडमाळेचे, वीरगळाचे फोटो भिंतीवर दाखवले होते, आणि बोलायला लावलं होतं त्या चार मुलांना, ज्यांनी टॉर्च धरला होता. देवळाच्या तटाचा पुढारीच उभा राहून म्हणाला की फरशी घातली तर खालची माती कायमची झाकली जाईल आणि सिमेंटमधून ओल अडकून चिऱ्याच्या मूर्ती आतून पोखरतील. हे त्याला मी सांगितलं होतं, पण त्याने ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं. उजवी पाकळी पडली. ज्यांची कौलावर श्रद्धा नाही अशा वाचकांनी एवढंच ध्यानात घ्यावं की पाकळी पडायच्या आधी गाव बरंचसं एका बाजूला आलं होतं, आणि पाकळीने ज्यांना माघार घ्यायची होती त्यांना मानाने घेऊ दिली.

एक गोष्ट मात्र गावाने मानली नाही. मोठ्या मूर्तीला बेताळ म्हणायला ते तयार नाहीत. “तुमच्या वहीत बेताळ लिहा, मास्तर. आमचा राखणदार तो राखणदारच.” मी वहीत दोन्ही लिहिलं. बेताळ म्हणून पुजायचं तर मान, नैवेद्य, शेजारच्या देवांशी नातं असं सगळंच बदलतं, आणि ते ठरवण्याचा अधिकार माझ्यासारख्या बाहेरून आलेल्याला नाही.

आजची स्थिती

जेसीबी परत गेला. गाड्या ओढ्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतात आणि पुढं पायीच जायचं, सोबत गावातला एक मुलगा घेऊन; त्याचे पैसे गावाने ठरवले आहेत. मूर्तींना हात लावायचा नाही, तेल-हळद नाही. पेरणीआधीचा नारळ आणि गाऱ्हाणं पूर्वीसारखं चालू आहे, तेल फक्त त्या दिवशी आणि तेही गांवकारांच्या हातून. अ‍ॅसिडचा पट्टा आहे तसा सोडला आहे, कारण घरगुती इलाजाने तो वाढेल. ओढ्याच्या बाजूची खाच मात्र मोठी होत होती, तिथं सुके दगड रचून बांध घातला, सिमेंट न वापरता, म्हणजे उद्या काढायचा झाला तर हातानेच काढता येईल. वीरगळ धुण्याच्या जागेवरून उचलून काठाच्या वर, पण सापडला तिथून हाकेच्या अंतरावर उभा केला. तो मुळात कुठं होता हे कळत नसल्याने सापडलेली जागा खडकावर खूण करून ठेवली आहे.

संरक्षणासाठीचा अर्ज गावाच्या सह्यांनिशी गेला आहे. मापं, रेखाटनं आणि फोटो यांचे तीन संच केले: एक गांवकारांकडे, एक शाळेत, एक माझ्याकडे. मूर्ती चोरीला गेलीच तर ती आपली आहे हे सिद्ध करायला असे फोटोच लागतात, विशेषतः मागच्या ओबडधोबड बाजूचे, कारण नकली मूर्ती करणारा पुढची बाजू हुबेहूब करतो, मागची नाही.

चिऱ्याच्या दोन मूर्तींचा प्रश्न उघडा आहे. त्यांच्या बुंध्याखालच्या मातीने शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहिला होता, हे त्या मातीतल्या वाळूच्या कणांवरून प्रयोगशाळेत काढता येतं. त्यासाठी उजेड न लागू देता, नळीत बंद करून नमुना घ्यावा लागतो, आणि त्यासाठी शासकीय परवानगीने, जाणकाराच्या हातून छोटा चर खणावा लागेल. गांवकारांनी त्याला नकार दिलेला नाही. त्यांच्या अटी आहेत: पाऊस संपल्यावर, गाऱ्हाणं घालून, दिवसा, गावातली माणसं समोर असताना, आणि खणलेली माती त्याच दिवशी परत त्याच जागी. उजेडाची अट आणि दिवसाची अट एकमेकींत अडकतात, कारण नमुना काळ्या कापडाखाली घ्यावा लागेल. त्यावर ज्येष्ठ गांवकार म्हणाले, कापड गाव देईल, पण ते नवं हवं, आणि काम झाल्यावर ते देवाचं होईल.